सव्वा गुण आणि साडेसाती

पत्र :

स. न. वि. वि.

मी २६ वर्षांचा. गाव तासगाव तालुक्यात. २०२१ला बी.कॉम. पहिल्या वर्गात झालो आणि गेली तीन वर्षं पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतोय. गट-ब संयुक्त पूर्व परीक्षा तीनदा दिली. पहिल्यांदा सव्वा गुणाने गेली, दुसऱ्यांदा पाऊण गुणाने, तिसऱ्यांदा अडीच गुणांनी. माझा रूममेट माझ्याच नोट्स वाचून पहिल्या फटक्यात पीएसआय झाला, चौकात त्याचा फ्लेक्स लागला. वडील म्हणतात, नशिबात असेल तर होईल. घरी चार एकर द्राक्षबाग आहे, महिन्याला साडेनऊ हजार पाठवतात. धाकटी बहीण बारावीनंतर बेदाणा निवडायला जाते, तिच्या पैशातून माझी मेस सुटते. गावाकडच्या ज्योतिषांनी सांगितलं की कुंभ रास आहे, साडेसाती २०२८पर्यंत, नीलम घाला. अंगठी चौदा हजारांची आहे, वडील पैसे द्यायला तयार आहेत. दर शनिवारी शनिपारला तेल घालतो. रात्री दोन-तीनपर्यंत डोळा लागत नाही. माणसाच्या आयुष्यात नशीब खरंच किती असतं? आणि माझ्याच वाट्याला हे का?

– नाव छापू नये, पुणे ३०

उत्तर :

झोपेचं आधी. रात्री दोन-तीनपर्यंत जागरण आठवड्यातून तीन-चार दिवस आणि महिनाभराहून जास्त चाललं असेल, तर ते अभ्यासाच्या ताणात जमा करून सोडून देऊ नका. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मनात जगण्याबद्दलच नको ते विचार येत असतील तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी तो फोन करा.

आता नशीब. तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द ‘सव्वा’ आहे.

संयुक्त पूर्वला १०० प्रश्न, १०० गुण, ६० मिनिटं आणि चुकलेल्या उत्तरामागे पाव गुण वजा. बऱ्यापैकी तयारी असलेल्या मुलाची प्रश्नपत्रिका डोळ्यांसमोर आणा. समजा, ५० प्रश्न त्याला पक्के येतात. २० असे की वाचूनही काही कळत नाही. मधले ३० मात्र अर्धवट माहितीचे. त्यांत तो चारांतले दोन पर्याय खोडतो आणि उरलेल्या दोघांत अडकतो. शेवटी ‘हेच असेल’ म्हणून गोल काळा करतो. या तीस प्रश्नांत तो नाणंच उडवत असतो, फक्त हातात नाण्याऐवजी काळं बॉलपेन असतं.

आज रात्री झोप येत नसेल तर एक रुपयाचं नाणं घ्या आणि तीसदा उडवा. प्रत्येक छाप्याला एक गुण, प्रत्येक काट्याला पाव गुण वजा. पंधरा छापे पडले तर १५ वजा पावणेचार, म्हणजे सव्वाअकरा गुण. अठरा पडले तर बारा काट्यांचे तीन गुण जाऊन १५ उरतात. बाराच पडले तर अठरा काट्यांचे साडेचार जाऊन साडेसात. तीसदा उडवण्याचा हा खेळ पुन्हा पुन्हा केला, तर साधारण पाचांतल्या चार वेळा छापे बारा ते अठराच्या मध्ये पडतात, पाचव्या वेळी त्याच्याही बाहेर जातात. म्हणजे तोच मुलगा, तोच अभ्यास, तीच प्रश्नपत्रिका, आणि निकालात साडेसात गुणांचा फरक. यात आळस नाही, हुशारी नाही, शनी नाही.

अजून एक गोष्ट त्या नाण्यात दिसेल. काट्याच्या जागी छापा पडला की एक गुण मिळतो आणि जाणारा पाव वाचतो. एका नाण्याची किंमत सव्वा गुण. पहिल्या वर्षी तुम्ही नेमके एका नाण्याने गेलात. दुसऱ्या वर्षी एक नाणं फिरलं असतं तर पाऊण भरून निघून वर अर्धा गुण शिल्लक राहिला असता. तिसऱ्या वर्षी दोन नाण्यांनी गेलात. रूममेटचंही तेच. तुमच्या नोट्स वाचून तो तुमच्याच पातळीला पोचला असेल, तर पूर्व परीक्षेच्या त्या एका तासात त्याचे छापे सोळा-सतरा पडले आणि तुमचे चौदा. पुढची मुख्य परीक्षा आणि मैदानी चाचणी त्याने स्वतः काढली, ते श्रेय त्याचंच. पण ज्या ठिकाणी तुमच्या दोघांची वाट फुटली, तिथे फरक दोन-तीन नाण्यांचा असू शकतो. हे फ्लेक्सवर कुणी छापत नाही. सत्कारात माईक हातात आलेला माणूस ‘सकाळी पाचला उठायचो’ एवढंच सांगतो. पाचला उठून सव्वा गुणाने गेलेले कितीतरी जण खाली खुर्च्यांवर बसलेले असतात, त्यांना कुणी विचारत नाही. म्हणून रूममेटकडून त्याचं वेळापत्रक मागू नका. दोन-तीन गुणांनी गेलेली तीन मुलं गाठा, त्यांचं वेळापत्रक बघा. दोन्हीकडे जे सारखं निघेल, ते निकालाचं कारण नव्हे.

‘माझ्याच वाट्याला का?’ याचंही उत्तर नाण्यातच आहे. तयारी बरोबर कटऑफच्या रेषेवर असेल, तर पास-नापास निम्मं-निम्मं. सलग तीनदा नापास होण्याची शक्यता आठात एक. ८० खुर्च्यांच्या अभ्यासिकेत सगळेच रेषेवरचे असतील, तर तीन वर्षांत दहा जणांची कहाणी तुमच्यासारखी होणार. त्या दहांतल्या प्रत्येकाला वाटणार, देवाने मलाच हेरलंय.

इथपर्यंतचं वाचून बरं वाटलं असेल. पुढचं कदाचित वाटणार नाही.

नशीब तीनदा फिरलं हे मान्य केलं, तरी तीन वर्षं तुमची तयारी त्याच रेषेवर का राहिली? तीन वर्षांत कटऑफ हलला, तुम्हीही हललात, पण दोघांमधलं अंतर राहिलं तेवढंच. रेषेवर उभ्या असलेल्या माणसाचा निकाल नाणं ठरवतं, रेषेच्या सात गुण वर असलेल्याचा नाणं क्वचितच बदलू शकतं. वरच्या हिशेबात तीस नाण्यांचा नेहमीचा हेलकावा साधारण साडेतीन गुणांचा येतो. सरासरी कटऑफवर असेल तर शंभरातले पन्नास वेळा निघता. साडेतीन गुण वर असेल तर चौऱ्याऐंशी वेळा. सात गुण वर असेल तर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव वेळा. कटऑफ स्वतःही दर वर्षी इकडेतिकडे होतो, अंतिम उत्तरतालिकेत एखाददुसरा प्रश्न रद्द होतो किंवा उत्तर बदलतं, म्हणून प्रत्यक्षात यातून थोडं वजाच करायचं. आयुष्यात नशीब किती, या तुमच्या प्रश्नाला एकच आकडा सांगता येत नाही तो यामुळे. ते तुम्ही रेषेपासून किती लांब उभे आहात यावर ठरतं.

सात गुण आणायचे कुठून? नवी पुस्तकं घेऊन नाही, आणि जुनी चौथ्यांदा वाचून तर मुळीच नाही. चौथ्या वाचनात सगळं ओळखीचं वाटतं, म्हणूनच ते फसवतं. ओळखीचं वाटणं आणि दोन पर्यायांत फरक करता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सात गुण त्या तीस प्रश्नांत आहेत. नाण्यावर सोडलेला एक प्रश्न सरासरी पावणेचार दशांश (०.३७५) गुण देतो, तोच पक्का झाला की पूर्ण एक. असे दहा प्रश्न पक्के केले की सव्वासहा गुण वाढतात. गंमत म्हणजे नशिबाचा हेलकावा तेवढ्याने फारसा कमी होत नाही, साडेतीनवरून पावणेतीनवर येतो एवढंच. नशीब जवळजवळ तेवढंच राहतं, तुम्ही त्याच्या टप्प्यातून बाहेर सरकता.

हे दहा प्रश्न शोधायची पद्धत अशी. सराव परीक्षा देताना प्रत्येक प्रश्नाच्या बाजूला उत्तर लिहितानाच एक आकडा टाका. पक्कं असेल तर १, दोनांत अडकलात तर २, एकच पर्याय खोडता आला तर ३, काहीच कळलं नाही तर ४. आकडा त्याच क्षणी टाकायचा. तपासताना टाकलात तर मन खोटं बोलतं, बरोबर आलेला प्रत्येक प्रश्न ‘मला येतच होता’ वाटायला लागतो. तपासून झालं की ‘१’च्या प्रश्नांना हात लावू नका आणि ‘४’चेही सोडून द्या. ‘२’चे प्रश्न वेगळे काढा, बरोबर आलेलेसुद्धा. त्यांतल्या निम्म्यांनी तुम्हाला नशिबाने गुण दिलेत आणि मुलं नेमके तेच बघत नाहीत.

मग प्रत्येक ‘२’चं एक कार्ड. कार्डावर धडा लिहायचा नाही, ज्या दोन पर्यायांत अडकलात ती जोडी लिहायची. उदाहरणार्थ, सत्यशोधक समाज १८७३ की १८७५? कार्डावर एवढंच : ‘१८७३ पुणे, सत्यशोधक. १८७५ मुंबई, आर्य समाज.’ किंवा विधान परिषद निर्माण करणं वा रद्द करणं हे कलम १६९, तिची रचना कलम १७१. प्रश्न काढणारा तुमच्या चुकीच्या पर्यायाला तिथे मुद्दाम बसवतो, कारण तो खऱ्याच्या शेजारी राहतो. एका सराव परीक्षेतून २५-३० कार्डं निघतात. पहिल्या दिवशी, तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी बघायची. दहा परीक्षांनंतर कार्डं तीनशेच्या घरात जातील, पण त्याच त्या जोड्या परत येताना दिसतील. त्या जोड्या आधी पक्क्या करा.

या तीनशे प्रश्नांचा आणखी एक उपयोग आहे. निव्वळ नाणं असेल तर तीनशेपैकी दीडशेच्या आसपास बरोबर यायला हवेत. १३३ ते १६७ यांतला कुठलाही आकडा योगायोगात बसतो. १६७च्या वर गेलात तर तुमचा ‘अंदाज’ हा अंदाज नाही, अर्धवट आठवण आहे, तिच्यावर विश्वास ठेवा. १३३च्या खाली आलात तर काहीतरी चुकीचं पाठ झालंय, बहुतेक एखाद्या जुन्या नोट्समधून. (त्या नोट्स रूममेटलाही दिल्या होत्या, हे लक्षात आहे. तो पास झाला म्हणून त्या बरोबर ठरत नाहीत.)

आणि ते उरलेले २०, ज्यांतलं काहीच कळत नाही? अभ्यासिकेत दोन पंथ आहेत, ‘निगेटिव्ह आहे, सोडून दे’ आणि ‘ठोकून दे’. हिशेब साधा आहे. वीस ठोकले आणि पाच बरोबर आले तर सव्वा गुण वाढतो, चार आले तर शून्य, तीन आले तर सव्वा जातो. पाचांतलं एक बरोबर येत असेल तिथे काटा मध्यावर असतो. चार पर्यायांतून खरोखर डोळे मिटून निवडलं तर सरासरी पाच येतात, म्हणजे हिशेब किंचित तुमच्या बाजूने. पण कुणी डोळे मिटून निवडत नाही. ‘ओळखीचं’ वाटणारा पर्याय निवडतो, आणि तो बऱ्याचदा गळाला लावलेलं आमिष असतो. म्हणून ‘४’चे प्रश्न द्यायचेच असतील तर परीक्षेआधी घरी ठरवलेला एकच पर्याय क्रमांक सगळ्यांना द्या आणि पुढे चला. एक पर्याय खात्रीने खोडता आला असेल, तर मात्र सोडू नका. १०० प्रश्नांना ६० मिनिटं म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. ‘४’वर दोन मिनिटं घातलीत तर कुठेतरी तीन पक्के प्रश्न न वाचता राहतात. ते नशिबाच्या खात्यात टाकू नका. पान संपेल तसे गोल भरा. शेवटच्या पाच मिनिटांत एक ओळ सरकून भरलेल्या उत्तरपत्रिकेला साडेसातीचं नाव देणारे पुष्कळ आहेत.

आता साडेसातीकडे. शनीला एक फेरी पुरी करायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा, म्हणून एका राशीत सुमारे अडीच वर्षं. जन्मराशीच्या मागची, ती आणि पुढची अशा तीन राशी मिळून साडेसात. म्हणजे कुठल्याही दिवशी बारांतल्या तीन राशींना साडेसाती चालूच असते, दर चार माणसांत एकाला. २९ मार्च २०२५ला शनी मीनेत गेला, तेव्हापासून कुंभ, मीन आणि मेष. तुमच्या ८० खुर्च्यांच्या अभ्यासिकेत वीसेक जणांना साडेसाती आहे. निवड यादीतही साधारण चौथाई लोक याच तीन राशींचे निघणार. रूममेटची रास विचारलीत का? आणि कुंभेची साडेसाती जानेवारी २०२०मध्ये सुरू झाली. तुमचा बी.कॉम.चा पहिला वर्ग २०२१चा. तो कुणाच्या खात्यात?

शनिपारला जायला हरकत नाही. नवी पेठेतून पायी पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून एकदा पुस्तकातून डोकं वर काढून चालणं होतं, चार माणसं दिसतात. मनाला शांत वाटत असेल तर ते खरंच वाटतं. तेलाचे दहा-वीस रुपये महाग नाहीत. चौदा हजारांच्या नीलमाचं वेगळं आहे, त्याकडे शेवटी येतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, पुढच्या वर्षी तुम्ही पास झालात तर ती अंगठी गावातल्या आणखी पाच बापांना विकली जाईल. नापास झालात तर ‘खडा तुम्हाला मानवला नाही’ असं सांगून दुसरा खडा निघेल. ज्या उपायाला चुकायची सोयच नाही, त्याला मिळालेलं यशही काही सिद्ध करत नाही.

वडिलांच्या ‘नशिबात असेल तर’चा तुम्हाला राग आलेला दिसतो. तो सोडा. ‘असेल माझा हरी’ म्हणून खाटेवर पडून राहणाऱ्याचं हे वाक्य नाही. द्राक्षवाल्याइतकं नशिबाशी रोखीचं देणंघेणं पुण्यातल्या कुठल्या पेठेत कुणाचं नसेल. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, मग बाग फुलोऱ्यात असताना चार दिवस पाऊस लागला की गळ-कूज आणि डाऊनी ही बुरशी, घड तयार झाल्यावर पाऊस झाला की मणी तडकतात, आणि गारा पडल्या तर विषय संपला. म्हणून बागायतदार काय करतात ते आठवा. चार एकर एका दिवशी छाटत नाहीत. प्लॉट पाडून आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने छाटतात, म्हणजे एक पाऊस सगळ्या बागेला एकाच अवस्थेत गाठत नाही. आणि बाजारात दर पडला तर द्राक्षं बेदाणा वाळवायच्या शेडवर जातात. साधारण चार किलोचा एक किलो बेदाणा होतो, पंधरवड्यात वाळतो, कोल्ड स्टोरेजला ठेवून दर बघून विकता येतो. तुमच्या तालुक्याचं नाव त्या बेदाण्यावरच चालतं. वडील ‘नशिबात असेल तर’ म्हणतात ते हे सगळं करून झाल्यावर. तुम्ही चारही एकर एकाच दिवशी छाटलेत आणि शेड बांधलीच नाहीत.

बी.कॉम. पहिल्या वर्गाचं शेड लगेच उभं राहतं. पुण्यात सीए आणि कर सल्लागारांची कार्यालयं ढिगाने आहेत आणि त्यांचं काम तारखांवर चालतं : दर महिन्याच्या ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ हे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, २०च्या आत करभरणीचं ३बी, आणि जुलैअखेरपर्यंत वैयक्तिक विवरणपत्रं. या तारखांच्या आधी आठवडाभर त्यांना हात कमी पडतात. अर्ध्या दिवसाचं काम मागायला महिन्याच्या तीन-चार तारखेला जा, २१ तारखेला जाऊ नका. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करता येणं आणि बिलांवरून विक्रीचा तक्ता भरता येणं एवढं आधी शिकून घ्या, महिन्याभराचं काम आहे. तुमच्या अभ्यासाचे दिवसाचे चार तास जातील. त्यातले किती तास चहाच्या टपरीवर कटऑफच्या चर्चेत जातात, हे तुम्हालाच माहीत.

काम मिळण्यातही योगायोग मोठा असतो, पण त्या योगायोगाला दार लागतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवलं होतं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांत बहुतेकांना ती रोजच्या मित्राकडून कळली नव्हती, कधीमधी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. कारण सोपं आहे. रोजच्या मित्राला जे ठाऊक, ते तुम्हालाही असतंच. अभ्यासिका, मेस आणि कॉट या तीन ठिकाणी तुम्हाला भेटणारा प्रत्येक जण हीच परीक्षा देतोय. बी.कॉम.च्या वर्गातले जे परीक्षेच्या वाटेला गेले नाहीत, अशा दहा जणांना या महिन्यात फोन करा. ‘लेखापालाचं अर्धवेळ काम बघतोय’ एवढं वाक्य पुरे.

किती वर्षं अजून? याचं गणित जुनं आहे. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी पत्रांतून एक प्रश्न सोडवला होता. डाव अर्ध्यावर मोडला तर पणाला लावलेले पैसे कसे वाटायचे? त्यांचा निर्णय असा, की आतापर्यंत काय झालं ते बघू नका, जिंकायला अजून काय बाकी आहे आणि तिथून डाव किती प्रकारे जाऊ शकतो तेवढंच मोजा. तुमचे तीन वर्षांचे, महिना साडेनऊ हजारांनी, तीन लाख बेचाळीस हजार गेले. ते पुढच्या निर्णयाच्या हिशेबात धरायचे नाहीत. ‘इतकी वर्षं दिली, आता सोडलं तर वाया’ आणि ‘तीनदा हुकलं, आता लागेलच’ ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. नाण्याला मागचं आठवत नाही.

पुढचं मोजू. समजा पूर्व परीक्षा निघायची शक्यता निम्मी आणि ती निघाल्यावर शेवटच्या यादीत नाव यायची एक तृतीयांश. वर्षाला सहात एक. अशी पाच वर्षं दिली तरी शंभरातले चाळीस रिकाम्या हाताने परत जातात. आता सात गुणांचं अंतर कमावून पूर्व परीक्षेची शक्यता पंचाण्णव टक्क्यांवर नेली आणि फक्त दोनच वर्षं दिली, तरी शंभरातले त्रेपन्न निघतात. रेषेवरची पाच वर्षं देतात त्याच्या जवळपास तेवढंच, आणि तीन वर्षं हातात राहतात. पीएसआय सोडून बाकी पदांना खुल्या गटाला ३८पर्यंत वयोमर्यादा आहे. अभ्यासिकेत ती सवलत म्हणून सांगतात. माझ्या मते नवी पेठेतल्या मुलांचं सर्वांत जास्त नुकसान त्या आकड्याने केलंय, कारण त्यामुळे थांबायची तारीख कुणीच ठरवत नाही.

ती तुम्ही ठरवा, आणि पुढच्या निकालाआधी. निकालानंतर ठरवलेली तारीख एका नाण्याने हलते. कागदावर लिहा. पुढच्या पूर्व परीक्षेआधी दहा पूर्ण सराव परीक्षा, घड्याळ लावून, कधीही न पाहिलेल्या, शक्यतो वेगवेगळ्या ठिकाणच्या. सरासरी आणि तुमच्या प्रवर्गाचा मागचा कटऑफ यांत सात किंवा जास्त अंतर असेल, तर ते वर्ष पूर्ण वेळ द्या. साडेतीन ते सात असेल तर अर्धवेळ कामासह. त्याहून कमी असेल तर परीक्षा द्या, पण नोकरी धरून, बाजूची गोष्ट म्हणून. आणि दोन प्रयत्नांनंतर, सरासरी काहीही असो, साडेनऊ हजार मागवणं बंद.

एक सावधगिरी : सराव परीक्षा सोप्या निवडून सरासरी फुगवू नका. मोह होतो. म्हणून तो कागद तुमच्याजवळ ठेवायचा नाही. बहिणीकडे द्या. दर परीक्षेचा आकडा त्याच संध्याकाळी तिला कळवा, दोन दिवसांनी नव्हे.

बहिणीचं नाव मुद्दाम घेतोय. पत्रात तुम्ही स्वतःच्या कमनशिबाच्या सहा गोष्टी लिहिल्यात आणि तिच्याबद्दल एकच वाक्य, तेही मेससाठी. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पुण्यातल्या नारायण पेठ, शनिवार पेठ पाण्याखाली गेल्या आणि थोडं उंचावर असलेले वाडे कोरडे राहिले. कोरड्या वाड्यातल्या माणसांनी काही जास्त पुण्य केलं नव्हतं. घरात मुलगा म्हणून, थोरला म्हणून जन्माला येणं हे तसंच उंचावरच्या वाड्यात असणं आहे. समोरच्या वाऱ्याचा प्रत्येक झोत कळतो, पाठीमागचा कळत नाही. तीन वर्षं बेदाणा निवडणारे तिचे हात हा तुमच्या पाठीमागचा वारा आहे. नशिबाची वही मांडायचीच असेल तर डाव्या बाजूला सव्वा, पाऊण, अडीच लिहा, आणि उजव्या बाजूची पहिली ओळ तिची.

म्हणून नीलमाचे चौदा हजार. वडील द्यायला तयार आहेत म्हणता, तर घ्या, पण अंगठीसाठी नको. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बारावीवर बी.ए., बी.कॉम.ला प्रवेश मिळतो, अर्ज ऑनलाइन असतो, अभ्यासकेंद्र तालुक्याजवळ निवडता येतं आणि काम सांभाळून परीक्षा देता येते. पहिल्या वर्षाची फी त्या पैशात भागून रक्कम उरेल. बारावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार तिला काढून ठेवायला सांगा. अर्ज तुम्हीच इथून भरा. पण आधी तिला काय शिकायचंय ते विचारा, तीन वर्षांत कुणी विचारलं नसेल.